समुद्रातील वस्ती : तिचा आकार आणि तिची मांडणी

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून माजलगावकरांपैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या गावापासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. येथली नदी सिंदफणा. ती पुढे मंजरथला गोदावरीस मिळते आणि तिच्याबरोबर उलट दिशेच्या, पूर्वेकडच्या समुद्राला जाते. असे असता समुद्रातील वस्तीचा विचार आपण का करावा? त्याचे सरळ उत्तर असे की, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत ती वस्ती अगोदरच बांधली जात आहे. कॉलेजात जाणारी मुले रात्री संगणकापुढे बसून जे खेळ खेळतात, त्यांत समुद्रावरच्या जगण्याच्या खेळांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांतला 'सबनॉटिका' हा विशेष गाजलेला. तो २०१८ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. वडीलधारी मंडळी त्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. आम्ही त्याची तरफदारी करण्यास येथे उभे नाही. पण ह्या खेळात मुलाला जो प्रश्न पडतो तो खेळातला असला तरी पोरकट नाही, एवढे मात्र आम्हांस म्हणावयाचे आहे. तो प्रश्न असा : चोहोंकडे पाणी असता राहण्याची जागा किती मोठी करावी, आणि तिच्यात काय कोठे ठेवावे?

खेळाची कथा थोडक्यात सांगतो. एक अवकाशयान एका परक्या ग्रहावर कोसळते. ग्रह जवळजवळ सगळाच समुद्राने व्यापलेला. वाचलेला माणूस एकटा. त्याने बुड्या मारून धातू, काचेसाठी वाळूतले स्फटिक, खाण्यासाठी मासे गोळा करावयाचे आणि हळूहळू पाण्याखाली घर बांधावयाचे. मुले त्याला 'बेस' म्हणतात. हा बेस चालतो तो तीन गोष्टींवर. वीज असेल तर आत हवा राहते. वीज संपली की श्वास संपला. अन्नपाण्याची सोय हवी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे भिंतींचे बळ. खेळ ह्या बळाचा हिशेब आकड्यांत ठेवतो. सुरुवातीला दहा गुण मिळतात. मग प्रत्येक नवी खोली, प्रत्येक बोळ, प्रत्येक खिडकी त्यांतून काही वजा करते. काचेचे काम तर फारच महाग पडते. खाली पाया घातला किंवा भिंतीला जाड पत्रा ठोकला म्हणजे गुण वाढतात. घर जितके खोल, तितकी ही वजाबाकी मोठी. बेरीज शून्याखाली गेली की भिंतीला चिरा पडून पाणी आत शिरते.

नव्या खेळाडूची चूक बहुधा ठरलेली असते. तो हौसेने लांबलचक बोळ काढतो, समुद्र दिसावा म्हणून काचा लावतो, एक खोली मत्स्यालयाला, एक नुसती बसावयाला. नवा वाडा बांधणाऱ्या आपल्याकडच्या हौशी गृहस्थापेक्षा तो निराळा नाही. फरक इतकाच की आपल्या गृहस्थाला कर्ज बुडवते आणि त्याला पाणी.

खोलीबरोबर दाब वाढतो म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी परक्या ग्रहावर जावयाचे कारण नाही. आपले धरण पुरे. सिंदफणेवरचे माजलगावचे धरण १९८७ साली पुरे झाले; त्याची उंची सुमारे ३१ मीटर आहे. मातीच्या त्या बांधाची रुंदी माथ्यावर रस्त्याएवढी आणि तळाशी एवढी अवाढव्य का ठेवली, असा प्रश्न बांधावरून फिरताना प्रत्येकाच्या मनात केव्हातरी आला असेल. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. पाणी पंचवीस मीटर खोल आहे असे धरा; तळाशी हा भार दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो, म्हणजे दर चौरस मीटरला पंचवीस टन झाला. एका बाजेएवढ्या जागेवर पन्नास टन, म्हणजे उसाने भरलेले दोन ट्रक! बांध खाली रुंद असतो तो एका बाजूला हा भार सोसण्यासाठी आणि दुसऱ्या बाजूला त्याच दाबाने मातीतून झिरपू पाहणाऱ्या पाण्याची वाट लांबविण्यासाठी. ह्याच हिशेबाने शंभर मीटर खोलीवर दर चौरस मीटरला शंभर टन होतात. भारत सरकारच्या 'समुद्रयान' योजनेत सहा हजार मीटर खोल जाण्यासाठी 'मत्स्य ६०००' हे वाहन चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतले आहे. त्यात तीन माणसांनी बसावयाचा टायटॅनियमचा गोल आहे आणि त्याचा व्यास आहे अवघा २.१ मीटर. तिघांना पाय पसरता येऊ नयेत एवढी ती जागा! तेथे आकार माणसाच्या सोयीने ठरत नाही, पाण्याच्या मर्जीने ठरतो.

पण पाण्याखाली राहण्याची आणखी एक युक्ती आहे आणि खेळात ती नीटशी येत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. घरी बादलीभर पाण्यात पेला पालथा घालून खाली दाबा. पेल्यात पाणी थोडेसे चढते, पण वरची हवा तशीच अडकून राहते. पेला काचेचा आणि पातळ असूनही फुटत नाही, कारण आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच झालेला असतो. समुद्राखाली माणसांनी जी घरे खरोखर बांधली त्यांतली बहुतेक ह्याच तत्त्वावर. फ्रान्सचा प्रसिद्ध समुद्रसंशोधक झाक कूस्तो ह्याने १९६२ च्या सप्टेंबरात मार्सेयजवळ दहा मीटर खोलीवर दोन माणसे आठवडाभर ठेवली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सुदानच्या किनाऱ्यापाशी तांबड्या समुद्रात त्याने लहानसे गावच वसविले. त्यातील मुख्य घर तारामाशाच्या आकाराचे होते : मध्ये सर्वांची बैठक आणि तिच्यापासून निघालेले चार हात. तेथे पाच माणसे महिनाभर राहिली. बाजूला पाणबुडी बशीसाठी निराळी शेड आणि खाली सुमारे सत्तावीस मीटरांवर एक लहान खोली होती. त्या खोलीत दोघेजण आठवडाभर राहिले.

ही तारामाशाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. मधल्या खोलीतून कोणत्याही हाताला जाता येते, कोणालाही दुसऱ्याच्या झोपण्याच्या जागेतून जावे लागत नाही. आपल्या जुन्या वाड्याचा चौक हेच काम करीत असे. रांगेने खोल्या ओवल्या तर पहिल्या खोलीतील माणसाला दिवसभर वर्दळ सोसावी लागते. आणि अडचणीच्या जागेत महिना काढावयाचा असला की भांडणे ह्यावरूनच होतात.

मात्र पालथ्या पेल्याच्या युक्तीची किंमत असते, ती बाहेर पडताना द्यावी लागते. जास्त दाबाच्या हवेत राहिलेल्या माणसाच्या रक्तात आणि मांसात वायू मुरतो. तो एकदम वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर यावेत तसे बुडबुडे अंगात उठतात, आणि त्याने माणूस पांगळा होतो किंवा दगावतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 'ॲक्वेरियस' नावाचे घर सुमारे १८-१९ मीटर खोलीवर आहे. तेथे सहाजण राहू शकतात. तेथून निघण्यापूर्वी दाब हळूहळू उतरवीत सुमारे सतरा तास काढावे लागतात. म्हणून त्या घरात एकामागे एक तीन भाग केले आहेत. पहिला ओला ओसरीवजा भाग. त्याच्या तळाशी पाण्यात उतरण्याचे उघडे भोक. मग मधला उंबरठ्याचा भाग आणि त्यापलीकडे राहण्याचा. मधली दारे बंद करून आतला दाब निराळा ठेवता येतो. येथे रांगेची मांडणीच योग्य, कारण तिथले दार हे दाब अडविणारी भिंत असते. खेळात खेळाडू खोल समुद्रातून क्षणात वर येतो आणि त्याला काही होत नाही. ह्या एका बाबतीत खेळ मुलांना खोटे शिकवितो, आणि पोहावयास जाणाऱ्या मुलाला ते सांगून ठेवणे बरे.

आता आपल्या माणसांकडे वळू. ज्या महाराष्ट्रात राजधान्या डोंगरावर असत, त्या महाराष्ट्राने सतराव्या शतकात समुद्रात वस्ती करण्याचा प्रश्न सोडविला. मालवणपुढे कुरटे नावाचे खडकाळ बेट होते. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तेथे सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ च्या मार्चात किल्ला उभा राहिला. आतली जागा सुमारे ४८ एकर, तट सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. पण हे आकडे नंतरचे. पहिली गोष्ट म्हणजे त्या बेटावर गोडे पाणी होते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ह्या तेथल्या तीन विहिरी. चोहोंबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये पिण्याजोगे पाणी! त्याचे कारण चमत्कार नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर ते भिंगासारखे तरंगत राहते. उपसा बेताने केला तर ते टिकते, हाव केली तर खालचे खारे पाणी वर येते. म्हणजे वस्तीचा आकार तटावर ठरत नाही, विहिरीत ठरतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ले बांधण्याविषयीचे जे प्रकरण आहे, त्याचाही रोख हाच. आधी पाणी पाहावे. जागा मोक्याची आणि पाणी नाही, तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, साठ्याचे पाणी वेगळे राखावे. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा. बीडच्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली बीडची खजाना विहीर ज्याने पाहिली आहे, त्याला जमिनीखालून पाणी आणून गावाचा आणि शेताचा आकार कसा ठरतो हे ठाऊक आहे.

पाण्याचा हिशेब एकदा आकड्यांत मांडू. समजा, बेटावर दोनशे माणसे ठेवावयाची आहेत आणि पिण्यास व रांधण्यास मिळून माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरले. रोजचे दोन हजार लिटर झाले. वेढा पडला आणि सहा महिने बाहेरून काही आले नाही, तर तीन लाख साठ हजार लिटर लागतील. हे साठविण्यास बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाके पाहिजे. उन्हाने उडून जाणारे पाणी निराळे. दोनशेंचे चारशे केले की टाके दुप्पट. म्हणून प्रथम 'माणसे किती?' हे विचारावे, मग 'पाणी किती?' आणि सर्वांच्या शेवटी 'भिंत कोठे?' मुले खेळात हे नेमके उलट करतात. आणि खरे सांगावयाचे तर नगररचना करणारी मोठी माणसेही करतात.

भिंतीचा हिशेबही मजेदार आहे. जागा मोठी केली तर तटाची लांबी तितक्या पटीने वाढत नाही. बाजू दुप्पट केली की तट दुप्पट होतो, पण आतली जागा चौपट. म्हणून चुना-दगडाच्या खर्चाच्या दृष्टीने मोठा किल्ला स्वस्त पडतो. सिंधुदुर्गाचे ४८ एकर जर अचूक वर्तुळात बसविले असते, तर तट सुमारे दीड किलोमीटर पुरला असता. प्रत्यक्षात तो त्याच्या दुप्पट आहे. मग बांधणाऱ्यांना भूमिती येत नव्हती काय? चांगली येत होती. एक तर तट खडकाच्या काठाकाठाने न्यावा लागतो, कारण पाया खडकावरच बसतो. दुसरे असे की, सरळ किंवा नुसत्या गोल भिंतीच्या पायथ्याशी भिडलेल्या शत्रूला वरचा माणूस पाहू शकत नाही. तट नागमोडी केला आणि ठिकठिकाणी बुरूज पुढे काढले, म्हणजे एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याचा वेध घेता येतो. दरवाजाही दोन बुरुजांच्या कवेत असा दडविला आहे की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि शिरताना वळून शिरावे लागते. ज्या लांबीला आपण उधळपट्टी म्हटले असते, तीच संरक्षणाच्या उपयोगी आली.

ह्याच्या उलट उदाहरण मुरुडच्या जंजिऱ्याचे. त्याचे क्षेत्र सुमारे २२ एकर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून कमी. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. किनाऱ्याकडच्या राजपुरीला सामोरा, पण दुरून लक्षात न येणारा दरवाजा. आणि मागे समुद्राकडे उघडणारा लहान दर्या दरवाजा. सिद्दींचा हा जंजिरा मराठ्यांना कधी घेता आला नाही. किल्ला लहान, पाणी आतच, तट माणसांना पुरे पडेल इतकाच आणि संकटकाळी निघावयाला दुसरी वाट. आमच्या मते आकाराच्या दृष्टीने पश्चिम किनाऱ्यावरचा हा सर्वांत काटेकोर किल्ला. आपल्या पराभवाची जागा असली म्हणून तिची तारीफ करू नये असे थोडेच आहे?

फार लहान जागेचे काय होते ते खांदेरीवरून कळते. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर मराठ्यांनी तटबंदीला आरंभ केला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आरमार घेऊन आडवे आले. बेटावर साठा ठेवण्यास जागा आणि वेळ दोन्ही नव्हती. मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या रात्री किनाऱ्यावरून माणसे व सामान पोचवीत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची जड गलबते जागच्या जागी, आणि ह्या होड्या वल्ह्यांवर निसटत. बेट टिकले ते होड्यांमुळे. ज्या वस्तीत पुरेसा साठा मावत नाही, तिची खरी भिंत तिच्या वाटेवर असते. खेळातील खोल समुद्रातल्या चौक्यांना हाच नियम लागू. मुख्य घर उथळ पाण्यात ठेवावे, जेथे सूर्यप्रकाशावर वीज मिळते. खोल जागी केवळ एक खोली, एक दार, थोडी वीज आणि परतीचे वाहन. सगळा संसार खाली नेणारा खेळाडू विजेसाठी मेटाकुटीला येतो, कारण सूर्याचा उजेड खोलीबरोबर विरत जातो आणि मग भूगर्भातील उष्णतेच्या जागा शोधीत हिंडावे लागते.

येथवर समुद्राचे झाले. पण आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे एका निराळ्या वस्तीवर जातात, तिचे नाव घेतल्यावाचून हा विषय आम्हांस पुढे नेता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, कोपी ही सुद्धा परक्या जागी पाच-सहा महिने टिकून राहण्यासाठी घातलेली छावणीच होय. बांबू, चटया, पाचट आणि आत वाकून शिरण्याचे दार. तिची मांडणी कोण ठरवितो? जागा मिळते ती कारखान्याला किंवा मळेवाल्याला नको असलेली. पाणी जेथे असेल तेथून बाईने पहाटे डोक्यावर आणावयाचे. आडोशाची जागा बहुधा नसतेच. आज्ञापत्राने तीनशे वर्षांपूर्वी जी पहिली अट घातली, 'आधी पाणी', ती ह्या छावणीत शेवटी येते. दोनशे माणसांच्या टाक्याचा जो हिशेब वर केला, तो दोनशे कोप्यांच्या तळाला लावून पाहा. एका कोपीत सरासरी चार माणसे धरली तर आठशे माणसे, आणि पिण्या-रांधण्याचे दिवसाला आठ हजार लिटर. एक मध्यम टँकर झाला. आंघोळ, धुणे आणि बैलांचे पाणी धरले तर चार-पाच टँकर. ही काही अशक्य रक्कम नव्हे. ज्या पोराने खेळात पाण्याच्या यंत्राशेजारी स्वयंपाक आणि त्याला लागून निजण्याची खोली योजली, तो आईच्या कोपीकडे पाहून हा हिशेब विचारील, तर रात्री खेळात घातलेला वेळ वाया गेला असे निदान आम्ही म्हणणार नाही.

आता राहिली वाढीची गोष्ट. धरणात गाव गेले म्हणजे नवे गावठाण आखतात, आणि घरे मोजतात ती मोजणीच्या दिवशी असलेली. पुढच्या पंधरा वर्षांत मुले वेगळी होतात, चुली वाढतात, आणि मग रस्त्यावर ओटे येतात. खेळाडूचेही तसेच : आज खोली बसविली, उद्या तिला जोडावयाला बाजूच शिल्लक नाही. म्हणून मधल्या खोलीच्या निदान दोन बाजू कोऱ्या ठेवाव्यात, बोळात मधे पाणी अडविणारे दार ठेवावे, म्हणजे एका भागात गळती झाली तरी दुसरा कोरडा राहतो, आणि पाया आधीच थोडा पुढे घालून ठेवावा. पाया घालण्यास खर्च येतो, पण खेळाच्या हिशेबात तो बळ वजा करीत नाही, उलट वाढवितो.

अलिबागचा कुलाबा किल्ला ह्या दृष्टीने पाहावा. १६८० च्या मार्चात, महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, त्याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरे झाले. ओहोटीला तेथे चालत जाता येते. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. लाट येऊन आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. जंजिऱ्यासमोरच्या पद्मदुर्गावर ह्याच्या उलट : तेथे लाटांनी दगड झिजले आणि मधला चुना शाबूत राहून पुढे आला आहे. समुद्र एकच, उत्तरे दोन, आणि दोन्ही आजवर उभी. कुलाब्याच्या उत्तरेस खडकाचा एक उंचवटा तटाबाहेर राहिला होता. तो आत घ्यावयाचा तर तट फार लांबला असता. तसाच सोडला तर शत्रूने त्यावर तोफ चढविली असती. तेव्हा त्या उंचवट्यावर सर्जेकोट हा छोटा कोट निराळा बांधला आणि मुख्य किल्ल्याशी तो दगडी सेतूने जोडला. अलिबागला गेल्यास ओहोटीची वेळ विचारून जावे. भरती लागली की परत येण्यास होडी करावी लागते.